खोलीखोलीला मोरी

मेंढरं इकून कुशाबाईनं कोरेगाव भीमात, कंपन्यांच्या रस्त्याला भाड्यासाठी चार खोल्या बांधल्या. बिऱ्हाडं यायची, बघायची आन् निघून जायची.

"मेंढरांच्या वाडग्यावानी खोल्याबी रिकाम्याच ऱ्हायल्या की," नवरा गेणबानं टोमणा मारला.

कुशाबाईनं परत निघालेल्या एका बिहारी बाईला अडवलं. बाईनं अंगणातल्या एकुलत्या एक मोरीकडं बोट केलं. "सबके सामने नहाना?"

कुशाबाई चमकली. रानात जलम गेला. झुडपाचा आडोसा तिला पुरायचा. राखून ठेवलेला जातिवंत मेंढा इकून तिनं खोलीखोलीत मोरी काढली.

गवंडी हात धूत हुता, तवाच ती बाई सामानासकट दारात. मागं तिच्या गावची तीन बिऱ्हाडं.

"आवं, मेंढरावानीच हाय," कुशाबाई हरखली. "एक शिरलं की बाकीची आपसूक शिरत्यात."

गेणबा पाचव्या खोलीचा पाया आखायची दोरी धरायला कवाच उठला हुता.