सतरा नंबरची पेनी

रांगोळी चिमटीत धरली की रेशीम. चांदीवर घासली की कानस.

दळी डॉक्टर दाताची आतली बाजू बघायचा छोटा गोल आरसा नाण्यांनाही लावतात.

एडवर्ड राजाच्या पेन्या पाडणाऱ्यांनी एडवर्ड राजाला पाहिलंच नसावं. प्रत्येक पेनीवर तेच तोंड. दोन डोळे, दोन्ही कानांवर केसांचे झुबके, वर मुकुट. कुणाचंही असू शकतं.

जुन्या पितळी डबीचं झाकण उघडायला मला अजून चमचा लागतो.

नानूमामा गेल्या मार्गशीर्षात गेला.

पाच वाजता तिकिटं द्यायची आहेत.

ही वाक्यं एकमेकांना ओळखत नाहीत. दुपारी सव्वादोनला चटईवर पडल्या पडल्या मी त्यांना एका ओळीत बसवायला बघते आहे, आणि ती उठून जातायत. टेबलावर चाळीस नाणी मांडलेली आहेत. एक्केचाळिसावं माझ्या मुठीत आहे.

नीट सांगते, झोप येण्याआधी.

नानूमामा आईचा धाकटा भाऊ. रत्नागिरीतल्या सोनाराचं घर, पण पेढीवर बसायचं नाही म्हणून तो जहाजावर फिटर झाला. इंग्लंडच्या बंदराला जहाज लागलं की इतर लोक कोट नि रेडिओ घ्यायचे. हा फुटपाथवरच्या ट्रेमधून हातोड्याने पाडलेल्या पेन्या शोधायचा. म्हणजे यंत्र यायच्या आधीच्या. खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीची चकती, आणि वरून माणसाचा घाव. म्हणून दोन पेन्या कधी सारख्या नसतात. एकीवर घाव तिरका पडलेला, दुसरीवर राजाचं नाक अर्धंच उमटलेलं. मामाने एक्केचाळीस जमवल्या आणि प्रत्येकीला अंगठ्याएवढं पुठ्ठ्याचं तिकीट केलं. राजा, टांकसाळ, झीज किंवा इजा असेल तर ती, आणि शेवटी शेरा. शेरे चारच होते: गेलेलं, चालेल, बरं, उत्तम. ‘बरं’ मिळालं की नाणेमंडळातली अकरा माणसं एकमेकांना चहा पाजायची. ‘उत्तम’ त्याने आयुष्यात तीनदा लिहिलं.

त्यातलं एक सतरा नंबरवर आहे. आणि सतरा नंबर उत्तम नाही.

नऊ वर्षांची असताना लक्ष्मीपूजनाला मी ती पेनी रांगोळीने घासली. चकचकीत केली. राजाचे केस गेले, मुकुटाची फुलं गेली. मामा काही बोलला नाही आणि त्याने तिकीटही बदललं नाही. छत्तीस वर्षं. परवा रविवारी वाचनालयात त्याच्या नाण्यांचं प्रदर्शन आहे, त्याच्या नावाने, आणि जुनी तिकिटं पिवळी पडली म्हणून नवी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मंडळाचे अध्यक्ष दळी डॉक्टर सकाळी फोनवर म्हणाले, सतरा नंबर मांडूच नकोस, नाहीतर जुना शेरा तसाच उतरव. काचेआडून कोण बघतंय? नानूच्या शेऱ्याला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही.

मी म्हटलं, बघते.

पंखा थांबतो. वीज गेली असेल, किंवा मी.

टेबलापलीकडची खुर्ची सरकते. नानूमामा बसलेला आहे. जहाजावरचा निळा बॉयलरसूट, डोळ्याला आजोबांच्या पेढीवरचं भिंग. मेल्यावर माणूस बारीक होत असेल असं मला वाटायचं. हा शेवटच्या महिन्यात होता त्यापेक्षा चांगला भरलाय.

“बरी आहेस ना बाय?”

“बरी.”

“माझी बरी की लोकांची बरी?”

तो माझी नवी तिकिटं एकेक उचलून भिंगाखाली धरतो. अक्षर आईसारखं काढतेस, म्हणतो. ही स्तुती नसावी. तेरा नंबरवर थांबतो. तू इथे झीज लिहिलीस, म्हणतो, इथे झीज नाही, घाव अर्धवट पडलाय. त्या दिवशी टांकसाळीतला माणूस दमला असेल, किंवा घरी काही झालं असेल त्याच्या. त्याचं दमणं राजाच्या नावावर कशाला? लहानपणी त्याने मला शिकवलेलं हेच. घाव कच्चा असतो ते वेगळं, हातोहात फिरून झिजतं ते वेगळं, आणि कुणी मुद्दाम कातरलं, भोक पाडलं, घासलं, ते वेगळं. पहिलं नाण्याचं नशीब, दुसरं वय, तिसरी इजा.

मी तेरा नंबरचं तिकीट फाडते. पुठ्ठा फाटताना लोखंडी आवाज येतो. पायाखालची फरशी लोखंडाची आहे, गरम आहे, आणि टेबलावरच्या चाळीस पेन्या इंजिनाच्या ठोक्यावर थरथरतायत. मी कधी जहाजात चढलेली नाही. वास मात्र ओळखीचा आहे, सुट्टीवर आलेल्या मामाच्या बॅगेचा. डिझेल आणि साबण.

“इकडून ये,” तो म्हणतो. “डोकं सांभाळ.”

शिडी संपते तिथे थंड रस्ता आहे. एक बाई लाकडी ट्रे मांडून बसली आहे, हातात बोटं कापलेले मोजे. ट्रेमध्ये मळकट चांदी. मामा वाकतो, एक चकती उचलतो, अंगठा फिरवतो. अंगठ्याने बघायची त्याची सवय. उजवा अंगठा डाव्यापेक्षा गुळगुळीत होता त्याचा. ही, म्हणतो. सतरा नंबर. हिचे केस बघ विदू, प्रत्येक बट मोजता येते. सातशे वर्षं ही कुठल्यातरी भिंतीत झोपली असणार, नाहीतर एवढी कोरी राहती का?

मी बघते. खरंच मोजता येतात.

“घरातली चांदी तेवढी ताटात येऊ दे,” ट्रेवाली बाई म्हणते. ती माझी आजी आहे. हातात मोजे नाहीत, रिठ्याचं पाणी आहे. “लक्ष्मी काय आपली नि परक्याची बघते?”

आजीच्या स्वयंपाकघरात संध्याकाळ झालेली आहे. बाहेर पणत्या लागतायत. सोनाराच्या घरचं लक्ष्मीपूजन, म्हणजे निरांजनापासून पैंजणापर्यंत घरातली चांदी आधी घासायची, मग पुजायची. काळी चांदी देवीपुढे ठेवली तर घरातल्या मुलींना बोल लागतो. म्हणून घासतात मुली. मी पाटावर बसले आहे, पंचेचाळीस वर्षांची, पण हात नऊ वर्षांचे आहेत, नखांत रांगोळी. ताटात राणीछाप रुपये, अत्तरदाणी, आणि अजून पेनी नाही.

पेनी नाही.

मी मान वर करते. दारात मामा उभा आहे, सुट्टीवर आलेला, केस काळे. हातात पितळी डबी. अंगठ्याच्या एका दाबात तो झाकण उडवतो, पेनी काढतो, आणि वाकून ताटात ठेवतो. हलकेच. कडेला.

घरात सगळे म्हणायचे, विदूने डबी उघडली. लग्नात, बारशात, आईच्या तेराव्याला, कुठेही चांदी निघाली की हे निघायचंच. अगं, हिच्या हातात देऊ नका, हिने नानूची डबी उघडली होती. मीही म्हणायचे. हसायचेही.

“मी उघडली नव्हती,” मी म्हणते.

मामा दाराच्या चौकटीकडे बघतो.

“ते झाकण माझ्याने आजही निघत नाही, मामा.”

“आईचं मन मोडवेना,” तो म्हणतो. “मला वाटलं, नुसती ठेवतील. हळदकुंकू वाहतील, उचलतील.”

“सोनाराचा मुलगा तू. ताटातली चांदी घासतात हे तुला ठाऊक नव्हतं?”

तो डबीचं झाकण लावतो.

“घासू नको, एवढं म्हणायचं होतंस.”

“फटाके आणायला गेलो होतो,” तो म्हणतो. “तुझ्यासाठीच.”

माझे हात मात्र थांबत नाहीत. ते नऊ वर्षांचे आहेत, त्यांना काम सांगितलंय. राजाचे केस आधी जातात. मग मुकुटाचं मधलं फूल. पेनी पांढरीशुभ्र होते आणि आजी म्हणते, बघा पोर कशी गुणाची.

दिवा लागतो, थेट डोळ्यांवर. मी खुर्चीत आडवी आहे, तोंड उघडं. दळी डॉक्टर हिरवा मास्क लावून वाकलेत, आरसा माझ्या गालाच्या आत. जिभेवर थंड, सपाट, चांदीची चव. झीज नाही ही, ते कंपाउंडरला सांगतात, चुकीच्या पावडरने घासलंय. मग मला, प्रेमाने: काढून टाकू. कळणारसुद्धा नाही.

मी तोंड मिटते. आरसा दातांत अडकतो.

शेजारच्या खुर्चीत मामा नंबराची वाट बघत बसलाय, मांडीवर छत्री.

“काढ म्हणतोय ना तो? काढ,” मामा म्हणतो. “चाळीस पुरेत.”

मी पेनी हातावर थुंकते. “नाही.”

“मग जुनं तिकीट राहू दे.”

“नाही.”

“मेलेल्या माणसाचं एवढं ऐकत नाहीस?”

“जिवंतपणी तू सांगितलंच नाहीस काही. आता कशाला ऐकू?”

तो छत्री उघडतो, मिटतो. “शेरा बदलला असता तर कारण लिहावं लागलं असतं, विदू. तू नऊ वर्षांची होतीस.”

“आता पंचेचाळीस.”

“तुला कुणी बोल लावू नये म्हणून.”

“सगळ्यांनी लावला. छत्तीस वर्षं. फक्त तिकिटावर नाही लावला.” मी पेनी त्याच्या भिंगापुढे धरते. “ही कड बघ. दोन ठिकाणी कातरलीय. तूच लिहिलंस, कड कातरलेली. सातशे वर्षांपूर्वी कुणा चोराने चांदीची किनार कापून नेली, त्याची नोंद आहे. मी घासली, देवीसाठी, सांगितलं म्हणून, त्याची नाही. चोरापेक्षा मी हलकी झाले का?”

मामा भिंग काढतो. भिंगाशिवाय त्याचे डोळे लहान आहेत.

“तू मला झाकलंस असं तुला वाटतं,” मी म्हणते. “तू तुझा हात झाकलास.”

दळी डॉक्टरांच्या बेसिनमध्ये पाणी गोल गोल फिरतंय. कुणीच बंद करत नाही.

“जीभ आजीवर गेलीय,” मामा म्हणतो. हसतो. मग हसू थोडं मागे घेतो. “लोक म्हणतील, नानूचा एक शेरा खोटा होता.”

“एकच होता, हेही म्हणतील.”

यावर तो अंगठा चोळतो. मग उठतो. आम्ही दोघं एका कोंदट जागी आहोत. कोळसा, धूर, भिंतीला टेकलेली माणसं, त्यांची तोंडं एकसारखी, कानांवर झुबके. मध्ये लाकडाचा ओंडका. मामा ओंडक्यावर माझाच तळहात उताणा ठेवतो, त्यावर पेनी, पेनीवर वरचा ठसा धरतो, स्वतःच्या मुठीत, सरळ. हातोडा माझ्या दुसऱ्या हातात आला आहे. जड आहे. चुकला तर त्याचा अंगठा जाईल.

“मार,” तो म्हणतो.

“लागेल तुला.”

“मला आता काय लागतंय? मार. अर्धवट नको.”

मी मारते.

खिडकी आपटलेली आहे. पंखा फिरतोय. घड्याळात चार चाळीस. अंगाखाली चटई, आणि उजवी मूठ इतकी घट्ट की बोटं एकेक करून उघडावी लागतात. पेनी घामाने ओली. तळहाताच्या मध्यावर पेनीच्या मागच्या बाजूचा लाल क्रॉस उमटलाय, कडेपर्यंत गेलेल्या लांब हातांचा. तीन हात स्वच्छ, चौथा फिका. त्याच्या चार कोनांत तीन तीन ठिपके. बाराच्या बारा मोजता येतात.

हे उमटलेलं तासाभरात जाईल. त्याआधी मी टेबलाशी बसते आणि कोरं तिकीट ओढते. अंगठ्याएवढं पुरत नाही, म्हणून लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापते.

*क्र. १७. एडवर्ड, पेनी, लंडन. कड दोन ठिकाणी कातरलेली, कातरणारा अज्ञात. राजाचे केस व मुकुट रांगोळीने घासलेले. घासणारी विदुला, वय नऊ. पूजेच्या ताटात ठेवणारा नानू रायकर, वय एक्केचाळीस. बरं.*

‘बरं’ खाली रेघ ओढते. पाचला दहा कमी असताना दळी डॉक्टरांना फोन करून सांगते की एक्केचाळीस मांडायचीत आणि सतरा नंबर मधोमध, दाराकडे तोंड करून. ते म्हणतात, नानूचं नाव जाईल. मी म्हणते, नाव तिकिटावर आहे, मी स्वतः लिहिलंय. ते काही बोलायच्या आत मी चप्पल घालते.

आज सकाळी, डॉक्टरांचा फोन यायच्या आधी, मी सतरा नंबर तोलला होता: एक पूर्णांक अडतीस शतांश ग्रॅम. घासण्याच्या आदल्या वर्षी मामाने नाण्यांच्या वहीत लिहिलेलं वजन: तेवढंच, एक पूर्णांक अडतीस.