विश्राम पगडबंदाचा गुडघा

कल्याणच्या पारनाक्यावर विश्राम पगडबंदाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ओटी, एक सतरंजी आणि विश्रामचा डावा गुडघा. पगडी बांधायची ती गुडघ्यावर. कापडाचा पीळ देत देत गुडघ्याभोवती फिरवत न्यायचा, आणि गिऱ्हाईक मोठ्या डोक्याचं असेल तर आधी गुडघ्यावर चिंध्या गुंडाळून तो तेवढा जाड करून घ्यायचा. मामलेदार कचेरीतल्या शिरस्तेदाराचं डोकं म्हणजे गुडघा अधिक पाच चिंध्या. सावकारांचं सात. देवळाच्या पुजाऱ्यांचं डोकं मात्र नुसता गुडघा. ते ओटीवरून गेले की विश्राम आपला गुडघा आदराने आत ओढून घेई.

प्रत्येक डोक्याच्या मापाची एक दोरी असे, दोरीला गाठ असे, आणि ती दोरी भिंतीवरच्या खुंटीला लटकलेली असे. सगळं कल्याण त्या भिंतीवर होतं. ‘‘मला तोंडं लक्षात राहत नाहीत,’’ विश्राम म्हणे, ‘‘पण डोकं मी विसरत नाही.’’

असा हा सुखी माणूस एका गोष्टीपायी कष्टी झाला होता. ती गोष्ट म्हणजे टोपी.

इंग्रजी शिकलेली पोरं काळी गोल टोपी घालून हिंडू लागली होती. वर पायात बूट. टोपीला ना पीळ, ना घडी, ना माप. पेटीतून काढली, डोक्यावर उपडी घातली, झालं. ‘‘अरे, भांड्यावर झाकण ठेवतात तसं हे!’’ विश्राम येईल त्याला सांगे. ‘‘पगडीची खूण बघा कपाळावर. चार बोटं रुंद, मऊ चेपलेली, जणू आईने हात फिरवलाय. आणि टोपीची खूण? सुरीने काकडी चिरावी तशी रेघ! माणूस बोडका समोर आला तरी मी सांगेन, हा टोपीवाला.’’

हे ऐकायला समोरच्या पारावर तालमीतली पोरं बसलेली असत. त्यांचा म्होरक्या उत्तम. अंगाने दांडगा, डोक्याला लाल रुमाल, तोही सैल, एका कानावर कललेला. या पोरांना सकाळी जोर-बैठका झाल्या की दिवसभर काय करावं हा मोठा प्रश्न होता. विश्रामच्या व्याख्यानाने तो सुटला. पारनाक्यावरून टोपीवाला निघाला की पोरं वाट अडवत. ‘‘काय साहेब, बाप मेला का? पगडी कुठाय?’’ असं विचारत, आणि उत्तर यायच्या आत काठीच्या टोकाने टोपी उडवून पिंपळावर फेकत. भाद्रपदापर्यंत पिंपळाला टोप्यांचं बरं पीक आलं होतं. एक कावळीण तर एका टोपीत अंडी घालते की काय, इतक्या बारकाईने तिची पाहणी करत होती.

विश्राम हसे. पोरांना गूळ-शेंगदाणे देई. मग पोस्टातल्या हरिहरपंतांनी टोपी धरून ठेवली म्हणून उत्तमने त्यांच्या तोंडावर काठी मारली आणि त्यांचा पुढचा दात पडला. त्या दिवशी विश्राम हसला नाही. पण गूळ-शेंगदाण्याचा डबा त्याने आत नेऊन ठेवला असंही नाही.

आश्विनात शेवंती पहिल्या दिवाळसणाला माहेरी आली. ठाण्याच्या एका शाळामास्तराला, विठ्ठलरावांना, वैशाखात दिलेली विश्रामची ही एकुलती एक मुलगी. जावई धनत्रयोदशीला मागाहून येणार होते.

‘‘आबा,’’ आल्या दिवशी ती म्हणाली, ‘‘पारावरून यांना आणू नका. मागच्या गल्लीने आणा.’’

‘‘का गं? माझा जावई मागच्या गल्लीने? चोर आहे का?’’

‘‘ते टोपी घालतात.’’

विश्रामच्या हातातला पीळ सुटला.

‘‘लग्नात तर पगडी होती! मी स्वतः बांधलेली!’’

‘‘ती कानावर येत होती, आठवतं ना?’’ आतून रखमाबाई म्हणाल्या. त्या विश्रामची बायको असल्यामुळे त्यांना असल्या गोष्टी आठवत.

आठवत कसं नाही? ती पगडी ही विश्रामच्या आयुष्यातली एकमेव ढिली पगडी होती. ठाण्याहून मापाची दोरी आली, तिच्याबरहुकूम पगडी झाली, आणि मांडवात ती नवऱ्या मुलाच्या भुवयांवर येऊन बसली. विश्राम दोन रात्री जेवला नव्हता. शेवटी त्याने दोष गुडघ्याला दिला, त्याला तेल चोळलं आणि जावयाच्या डोक्याचं माप मांडवातच नव्याने घेऊन दिवाळसणासाठी दुसरी पगडी बांधायला घेतली होती.

‘‘गुडघ्याचं काही नाही आबा,’’ शेवंती मान खाली घालून म्हणाली. ‘‘ते डोक्यावर केस राखतात. सगळ्या डोक्यावर. दोरी केसांवरून घेतली होती, आणि लग्नासाठी सासऱ्यांनी त्यांची हजामत करवली.’’

केस! चाळीस वर्षांच्या धंद्यात पगडीखाली शेंडीपलीकडे काही असू शकतं, हे विश्रामच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

‘‘त्यांना नाक्यावर काही झालं,’’ शेवंती म्हणाली, ‘‘तर मी सासरी कोणत्या तोंडानं जाऊ? माझ्या बापाच्या दारात, माझ्या बापाच्या पोरांनी...’’

‘‘माझी पोरं कुठली ती?’’

‘‘गूळ कोणाचा खातात?’’ रखमाबाईंनी आतूनच विचारलं.

धनत्रयोदशीला विश्राम छकडा घेऊन स्टेशनावर गेला. बरोबर नवी पगडी होती, पांढऱ्या पंच्यात झाकलेली. मागच्या गल्लीत नेमका कुणाचा तरी मांडव पडला होता आणि छकड्याला वाट नव्हती. आता भिस्त पगडीवर.

विठ्ठलराव गाडीतून उतरले. काळी टोपी, बूट, हसरा चेहरा.

‘‘मामा, कशाला त्रास घेतलात?’’

‘‘त्रास कसला! जरा टोपी काढा बघू. ही घाला. सणाची आहे.’’

विठ्ठलरावांनी मुकाट्याने टोपी काढली. खाली केसांचं दाट रान. वैशाखापासून वाढलेलं. विश्रामने पगडी ठेवली. ती अंड्यावर कोंबडी बसावी तशी वरच्या वर बसली. दाबली, तर उडाली. मांडवात घेतलेलं माप हजामत केलेल्या डोक्याचं होतं, आणि केस पुन्हा वाढतात हे विश्रामच्या ध्यानातच आलं नव्हतं. पहिली पगडी केसांच्या मापाने झाली आणि डोकं भादरलेलं निघालं. दुसरी भादरलेल्या डोक्याच्या मापाने झाली आणि आता केस उगवले होते.

‘‘राहू द्या मामा,’’ जावई म्हणाले. ‘‘नाक्यावरची हकीकत मला शेवंतीनं कळवलीय. मी टोपीतच येतो.’’

‘‘अहो, दात पाडतात!’’

‘‘माहीत आहे. हरिहरपंत शाळेत माझ्या वर्गात होते.’’

नाक्यावर छकडा थांबवलाच. उत्तम मधोमध उभा, काठी आडवी, मागे सहा-सात जण.

‘‘अरे वा! साहेब छकड्यातून! खाली उतरा, मुजरा करू द्या.’’

‘‘उत्तम, जावई आहेत माझे,’’ विश्राम म्हणाला. आवाज लग्नातल्या पगडीपेक्षा ढिला निघाला.

‘‘मग काका, तुम्हीच उडवा. तुम्हीच म्हणालात ना, भांड्यावरचं झाकण?’’

पोरं खदखदली. विठ्ठलराव खाली उतरले आणि टोपी सारखी करून सरळ उभे राहिले. उत्तमने काठी उचलली.

विश्राम छकड्यातून कसा उतरला ते त्यालाही नंतर सांगता आलं नाही. त्याने आपली पगडी काढून छकड्यात ठेवली. विश्रामचं उघडं डोकं पारनाक्याने त्याआधी पाहिलेलं नव्हतं. ते विलक्षण लहान आणि विलक्षण गुळगुळीत होतं. मग त्याने जावयाची टोपी काढून आपल्या डोक्यावर घातली. ती थेट कानांपर्यंत आली.

‘‘मार,’’ तो म्हणाला.

कोणी तरी फिस्सकन हसलं. मग सगळे हसले. उत्तमलाही हसू आवरेना. हसता हसता त्याने कपाळाचा घाम पुसला, आणि लाल रुमाल मागे सरकला.

विश्राम टोपीखालून पाहतच राहिला. चाळीस वर्षांची नजर. तो दोन पावलं पुढे गेला, उत्तमच्या कपाळावर बोट ठेवलं आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, ‘‘ही रेघ रुमालाची नाही बाबा. पगडीचीही नाही. काकडी चिरल्यासारखी आहे. किती दिवस घालतोयस?’’

उत्तमचं हसू तोंडातच राहिलं.

‘‘तालमीतल्या आरशापुढंच फक्त, काका,’’ तो पुटपुटला. ‘‘ह्यांना सांगू नका. चांगली दिसते हो.’’

‘‘नाही सांगत. काठी टाक.’’

काठी पडली. उत्तम मोठ्याने म्हणाला, ‘‘जाऊ द्या रे! काकांचे पाहुणे आहेत.’’

‘‘पाहुण्यांपुरतं नाही,’’ विश्रामही मोठ्याने म्हणाला. ‘‘आजपासून कुणालाच अडवायचं नाही. माझं तोंड सैल सुटलं, तुमचे हात सुटले. आता झाडावरच्या सगळ्या उतरव. कावळिणीची सोडून.’’

त्या संध्याकाळी विश्राम आठ टोप्या घेऊन दारोदार फिरला. हरिहरपंतांची त्याने शेवटी ठेवली होती. पंतांनी टोपी झटकली, उलटीसुलटी करून पाहिली आणि दाताच्या फटीतून म्हणाले, ‘‘टोपी आली. दाताचं काय?’’

विश्राम ओसरीच्या कडेला टेकला. शेवटी पंतांनीच चहा मागवला, आणि तो गरम असल्याने दोघेही बशीवर फुंकर घालत बसले.

घरी आल्यावर जावई म्हणाले, ‘‘मामा, पाडव्याला पगडी घालायची माझी इच्छा आहे. हजामत करून येऊ?’’

‘‘खबरदार!’’ विश्राम म्हणाला. त्याने दोरी काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा केसांवरून स्वतःच्या हाताने माप घेतलं. मग ती तोकडी पगडी उकलली, गुडघ्यावर चिंध्यांवर चिंध्या चढवत गेला. सात झाल्या, आठ झाल्या, नऊ झाल्या. शेवंती आतून एकेक चिंधी आणून देत होती आणि हसत होती.

पाडव्याला पगडी इतकी बरोबर बसली की रखमाबाईंनाही काही आठवलं नाही.

पुढे विश्राम म्हातारा होईपर्यंत पगड्याच बांधत राहिला. टोपीला त्याने हात लावला नाही. फक्त नवं गिऱ्हाईक ओटीवर आलं की दोरी हातात घेऊन तो आधी विचारी, ‘‘केसांसकट की केसांशिवाय?’’