आवाज सरांचा, नजर चेतनाची

श्यामसुंदर परबांना आता मैदानावर ओरडावं लागत नाही. या एका गोष्टीचं त्यांना इतकं बरं वाटतं, की कन्नमवारनगरच्या नाक्यावर कुणी नुसतं "कसे आहात सर?" विचारलं तरी ते "मस्त, गप्प बसलोय," असं सांगतात आणि समोरच्याला काही कळायच्या आत पुढे निघून जातात. वीस वर्षं ज्या माणसाचा आवाज मैदानापासून हायवेपर्यंत ऐकू जायचा, त्याला गप्प बसण्यात एवढं सुख का वाटावं, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

परब सर विक्रोळीच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे कोच. मूळचे मालवणकडचे. इथल्याच एका कारखान्यात फिटर होते आणि कंपनीच्या टीममध्ये लेफ्ट बॅक खेळायचे. कंपनीने टीम बंद केली तेव्हा एक अख्खा मोसम त्यांनी घरी बसून बायकोचं डोकं खाल्लं. मग एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला चार-पाच मुली दगडांचे गोलपोस्ट मांडून खेळताना दिसल्या. त्यातली एक बॉलला अंगठ्याने इतकी वाईट लाथ मारत होती, की सरांच्याने बघवेना. ते चप्पल काढून आत घुसले आणि तिथेच राहिले. अंगठ्याने लाथ मारणारी ती मुलगी म्हणजे चेतना, तेव्हा सातवीत होती.

चेतना पुढे संघाची कॅप्टन झाली. मग लग्न झालं, तेही तीन बिल्डिंगा सोडून, त्यामुळे मैदान काही सुटलं नाही. सकाळी ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि संध्याकाळी पोरींना बघायला यायची. मुलींच्या संघाबरोबर बाकावर एक तरी बाई हवीच, असं स्पर्धावाल्यांनी कळवलं, तेव्हा क्लबचे सेक्रेटरी अंबादास म्हणाले, "चेतनाला बसवा. बाटल्या-बिटल्या बघेल." ती बसली. बाटल्या बघता बघता तिने मॅचही बघितली, आणि सरांपेक्षा बरी बघितली.

कारण सरांना दिसेनासं झालं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी पलीकडचा गोल धुरकट झाला, मग मधल्या पोरी, मग पाठीवरचे नंबर. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन सोपं आहे, पण दोन्ही डोळे व्हायचे म्हणजे दोन महिने धूळ नको, ऊन नको. दोन महिने मैदान सोडायचं, तर अंबादास बाहेरून कुणाला तरी आणून बसवणार, हे सरांना ठाऊक होतं. त्या माणसाच्या खिशात अशी नावं कायम असत. म्हणून सरांनी डॉक्टरांची चिठ्ठी घडी करून पाकिटात ठेवली आणि कुणाला काही सांगितलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना लाजही वाटत होती. पोरींना रोज "नजर वर ठेवा" म्हणून ओरडणाऱ्या माणसाने स्वतःला दिसत नाही हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

घरी मात्र लपलं नाही. एका रविवारी ते पापलेट म्हणून हलवा मासा घेऊन आले. मालवणी माणूस एक वेळ स्वतःचं आडनाव चुकेल, पण मासळी चुकणार नाही. बायकोने, सुलक्षणाने, मासळी उलटीपालटी करून बघितली आणि शांतपणे म्हणाली, "तुमका दिसणा नाय, ह्यां माका कधीचा ठावक आसा. आज पक्क्या झाला." सरांनी तो हलवा मान खाली घालून खाल्ला.

चेतनाला कधी कळलं, ते तिने कधी बोलून दाखवलं नाही. एका मॅचमध्ये सर उगाचच "पुढे, पुढे" करत होते, तेव्हा ती बाजूला येऊन हळूच म्हणाली, "सर, सात नंबर डावीकडे मोकळी आहे." सर गरजले, "सात नंबर, डावीकडे!" आणि पास बरोबर गेला. त्या दिवसापासून तसंच सुरू झालं. ती पुटपुटायची, ते ओरडायचे. ती स्वतः ओरडत नसे, कारण तिची सासू शकु संध्याकाळी मैदानाच्या कठड्यावर बायकांबरोबर बसलेली असे, आणि सासूसमोर सुनेने चारचौघांत आवाज चढवणं बरं दिसत नाही, असं तिचं तिनेच ठरवलं होतं. तीन वर्षं हा कारभार चालला. संघ दोनदा फायनलला गेला. शाल-श्रीफळ दोन्ही वेळा सरांना मिळालं. दोन्ही शाली त्यांनी घडीसुद्धा न मोडता कपाटात टाकल्या. अंगावर घ्यायची हिंमत झाली नाही.

मग मुलुंडला मोसमातली शेवटची मॅच आली. आपल्या पोरींचे शर्ट आकाशी, समोरच्यांचे पांढरे, म्हणजे मोतीबिंदूला दोन्ही सारखेच. दुसऱ्या हाफमध्ये श्रुतिकाचा घोटा मुरगळला आणि चेतना बर्फ घेऊन तिला गोलच्या मागे घेऊन गेली. सर एकटे उरले. एक मुलगी विंगवरून सुसाट निघालेली त्यांना अंधुक दिसली. धावण्याची ढब ओळखीची वाटली. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला, "शाब्बास, आत घे, आता मार." तिने आत घेतला, मारला, गोल झाला, आणि सर टाळ्या वाजवत उभे राहिले. आजूबाजूला एकदम शांतता झाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की गोल आपल्यावर झालाय.

वाट लागली, असं त्यांना वाटलं. पण झालं भलतंच. दोन पालक येऊन त्यांच्या पाया पडले. समोरच्या मुलीचंही कौतुक करणारा असा कोच बघितला नाही म्हणाले. पुढे चेतना परत आली, मॅच कशीबशी दोन-एकने जिंकली, आणि परतताना अंबादासनी सरांच्या खांद्यावर हात टाकला. "परब, मोठं मन आहे तुमचं." सरांना स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढच्या रविवारी क्लबची मीटिंग होती. क्लबची खोली म्हणजे गणेशोत्सव मंडळाचीच, मांडवाच्या बांबूंना टेकून सगळे बसलेले. नव्या मोसमापासून लायसन्स असलेलाच कोच चालेल, असं पत्र आलं होतं. अंबादासनी सगळं ठरवूनच आणलं होतं. अंधेरीचा प्रितम म्हणून एक मुलगा कोर्स करून आलाय, तो कोच होईल. परब सर मार्गदर्शक. मुलुंडच्या मोठ्या मनाबद्दल त्यांचा सत्कार. "आणि चेतना आहेच," ते म्हणाले. "पोरींचं बघायला."

चेतना कोपऱ्यात बिब, म्हणजे सरावाला शर्टावर चढवायची रंगीत जाकिटं, मोजत होती. तिने मान वर केली नाही. चौदा मोजले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. सरांना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण पुटपुटत चाललेली मोजणी पुन्हा एकपासून सुरू झालेली ऐकू आली. आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार, असं त्यांच्या मनात आलं आणि ते उभे राहिले.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. मुलुंडला मोठं मन-बिन काही नव्हतं. मला ती आपली रुचिरा वाटली." पाकिटातली चिठ्ठी काढून त्यांनी अंबादाससमोर ठेवली. "टीम चेतना चालवतेय. मी नुसता कर्णा. कोर्सला पाठवायचं तर हिला पाठवा. शाली पण हिच्याच आहेत, घरून आणून देतो."

मग अंबादास चिठ्ठी उलटसुलट करत म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण हिचा आवाज कुठे आहे? मैदानावर पोरी ऐकणार कुणाचं?"

आताची कॅप्टन रुचिरा दाराशी उभी होती. अठरा वर्षांची, बोलायला फटकळ. "काका, सॉरी हां," ती म्हणाली, "पण आम्ही सरांचं ऐकतच नाही. ताईचा हात बघतो. ताई बोलताना हात वर करते ना, तो. सर ओरडेपर्यंत बॉल गेलेला असतो."

"मग मी ओरडत होतो ते?" सरांनी विचारलं.

"त्याने समोरची टीम घाबरते ना, सर. झकास काम होतं ते."

आधी सरांना झोंबलं. तीन वर्षं घसा फाडला तो कुणासाठी, असं वाटलं. आणि मग, कसं कोण जाणे, छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. आपल्या आवाजाशिवाय पोरी उघड्या पडतील, या भीतीने त्यांनी डोळे घालवायला घेतले होते, आणि पोरी कधीच्याच सुखरूप होत्या. ते इतके हसले, की चेतनाला बिब बाजूला ठेवून त्यांना पाणी आणून द्यावं लागलं. अंबादास थोडे घुटमळले, पण खोलीतल्या सगळ्यांनी हात वर केल्यावर त्यांनीही केला.

कोर्ससाठी आठ दिवस बाहेर राहावं लागणार होतं. घरी हे कसं सांगायचं, याची चेतनाला मीटिंगपेक्षा जास्त धास्ती होती. शकुने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मी कठड्यावर मॅच बघायला बसते गं, तुला बघायला नाही. एवढी वर्षं कुणासाठी गप्प होतीस?"

चेतना कोर्सला गेली, पास होऊन आली. सरांचे दोन्ही डोळे झाले. सुलक्षणाने पहिल्यांदा त्यांना मासळीबाजारात नेलं, आणि त्यांनी लांबूनच पापलेट ओळखलं तेव्हा कोळणीसमोर तिचे डोळे भरून आले.

नव्या मोसमाची पहिली मॅच घरच्याच मैदानावर झाली. टीमच्या कागदावर कोच म्हणून चेतनाचं नाव होतं. सर काळा चष्मा लावून कठड्यावर शकुशेजारी बसले होते, हातात शेंगदाण्याची पुडी. पलीकडच्या गोलची जाळी दोन ठिकाणी फाटलेली त्यांना दिसली. रुचिराच्या हनुवटीवर एक जुना व्रण होता, तोही आजच दिसला. तेवढ्यात चेतना ओरडली, "श्रुतिका, मागे." आवाज पातळ आणि जरासा चिरका होता.

"घरी पण आता असंच," शकु म्हणाली. तिला त्याचं काही वाईट वाटलेलं दिसलं नाही.

दुसऱ्या हाफमध्ये सात नंबर डावीकडे मोकळी झाली. सरांना ती स्वच्छ दिसली, आपल्या डोळ्यांनी, कुणी न सांगता. सवयीने त्यांनी छातीत श्वास भरला आणि तोंड उघडलं. पण चेतनाचा हात आधीच वर गेला होता, आणि बॉल सात नंबरच्या पायात होता. सरांनी उघडलेल्या तोंडात एक शेंगदाणा टाकला आणि सावकाश चावत पुढची मॅच बघितली.