कोटाखालचे चामडे आणि आमचे कासमचाचा

मी कोल्हापूरचा, चपला शिवणारा. आठ वर्षांपूर्वी जेद्दाच्या बलद भागातील चामड्याच्या कारखान्यात रुजू झालो, तेव्हा तिथले मुख्य कारागीर, रत्नागिरीकडचे कासमचाचा, यांनी पहिल्याच दिवशी माझी शिवण उलटी करून पाहिली. टाका पक्का आहे, पण इथे माप चुकले तर नुसते पायाला चावून भागत नाही, असे ते शांतपणे म्हणाले.

आमच्याकडे परवानाधारक अंगरक्षकांसाठी होल्स्टर, म्हणजे कमरेला पिस्तूल बाळगायचे चामडी आवरण, बनते. लग्नसमारंभात या मंडळींना उंची सूट घालावा लागतो. कोटातून पिस्तुलाचा उंचवटा दिसता कामा नये आणि कड टोचताही कामा नये. चाचा प्रत्येक नवा नमुना प्लॅस्टिकच्या नकली पिस्तुलासह दिवसभर स्वतः बांधत. खुर्चीत बसून, जिना चढून, नमाजात सजद्याला वाकून पाहत. जिथे कातडी लाल होई, तिथली कड ते घासून गोल करीत.

माझ्या दुसऱ्या वर्षी फहद नावाच्या अंगरक्षकांना त्यांच्या मालकाच्या घरच्या लग्नासाठी अगदी सपाट बसणारे होल्स्टर हवे होते. चाचा त्या सकाळी डोळे तपासायला गेले होते. मी मऊ, पातळ चामड्याचे शिवून परस्पर देऊन टाकले. फहद खूश होऊन थेट लग्नाच्या हॉलवर गेले.

दुपारी चाचांनी तसेच दुसरे होल्स्टर माझ्या टेबलावर पाहिले. नकली पिस्तूल त्यातून काढून परत सरकवले, तर मऊ तोंड आत दुमडून घडी थेट चापावर दाबली गेली. खरे पिस्तूल असते, तर गोळी मांडीत गेली असती. मी लगेच फहदना फोन लावला.

ते उचलेनात. चाचांनी एक कडक होल्स्टर आणि सुईदोरा घेतला, मला टॅक्सीत बसवले आणि आम्ही लग्नाचा हॉल गाठला. फहद दारातच उभे होते. पिस्तुलाला हात लावू नका, असे चाचांनी त्यांना अरबीत सांगितले. आतल्या खोलीत फहदनी होल्स्टर पिस्तुलासकट पट्ट्यावरून अलगद उतरवले आणि पिस्तूल रिकामे केले. होल्स्टरच्या तोंडाशी घडी पडू लागली होती. ती पाहून फहदनी ते होल्स्टर चाचांपुढे ठेवले.

मी काही बोलणार, तोच चाचा म्हणाले, "चूक माझी. माझ्या कारखान्यातून माल न तपासता बाहेर गेला."

मग कोटाची कमरेची शिवण उसवून त्यांनी बोटभर कापड सैल केले. कडक होल्स्टर आत नीट बसले, बाहेरून काही दिसेना. लग्न सुरळीत पार पडले.

परतताना मला रडू आवरेना. चाचांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "दत्ता, कोट सैल करता येतो. चामडं मऊ करून भागत नाही. उद्या वेळेवर ये."

कारखान्याच्या मालकांपर्यंत माझे नाव कधीच गेले नाही. पुढे माझी आई आजारी पडली, तेव्हा रजेसाठी कफीलकडे, म्हणजे व्हिसाच्या जामीनदाराकडे, चाचाच गेले आणि विमानतळापर्यंत सोबत आले.

आता चाचा साठीचे झाले. मोतीबिंदूचे ऑपरेशन छान झाले, बारीक टाका पुन्हा दिसतो. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, गुडघे सजद्याला सुखाने वाकोत, आणि आम्हा शिष्यांच्या चुका त्यांच्या नजरेला अशाच वेळेवर सापडत राहोत.