कार्डावरचं आणि पोटातलं

दवाखान्यात तीस वर्षं काढली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. औषधांच्या रिकाम्या खोक्यांसारखे ते आपोआप साचतात.

मी गारखेड्यातल्या एका डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे. शिक्षण चौथी. पण अक्षर असं की डॉक्टरांचं मी वाचतो आणि माझं सगळे वाचतात!

प्रत्येक पेशंटचं एक कार्ड. कोणती गोळी, किती, कधीपासून, कोणतं औषध चालत नाही, सगळं त्यावर. मोठे डॉक्टर सांगायचे, "कार्डावर एक आणि पोटात दुसरं, असं झालं की माणूस दगावतो." आता ते थकले. दवाखाना त्यांची मुलगी बघते. मॅडमनी कॉम्प्युटर आणला आणि म्हणाल्या, "काका, सगळी कार्डं यात घालायची. पण आधी प्रत्येकाला विचारून खात्री करू."

"माझ्या कार्डात चूक नाही," मी म्हणालो.

"मग विचारायला काय हरकत आहे?"

लागलो विचारायला.

*

फुलंब्रीचे एक शेतकरी आहेत, काशिनाथराव. बीपीची गोळी रोज एक. पाकिटं वेळेवर रिकामी, तरी बीपी काही उतरेना. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा गोळी बदलली होती.

मी विचारलं, "अख्खी घेता ना?"

"अर्धी."

"कार्डावर एक लिहिलीय."

"अर्धी धाकट्या भावाला. त्यालाबी बीपी हाय."

"अहो, गोळी कुणी वाटून खातं का?"

काशिनाथराव माझ्याकडे रागानं बघायला लागले. "आमची वाटणी अजून झाली नाय, भाऊ!"

मॅडमनी धाकट्याचं वेगळं कार्ड केलं. जमीन अजून एकत्रच आहे.

*

मॅडमचा दुसरा हुकूम निघाला. घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. करमाडच्या एका आजीनं पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात एक गोळी अंगठ्याएवढी!

"ही कशाची?"

"जंताची. शेळीची हाय."

"मग इथं कशाला आणली?"

"तुमीच म्हनलं, घरातली समदी आना. शेळी काय रानात ऱ्हाती व्हय?"

मी कार्डावर लिहिलं: शेळीची गोळी, स्वतः घेत नाही.

मॅडमनी वाचलं. "घेत नाही, हे विचारलंत?"

विचारलं नव्हतं. आता विचारलं.

आजी म्हणाली, "एकदाच घेतली. शेळीला लई गुण आला म्हून."

*

एक रिटायर गुरुजी आहेत. शुगरची गोळी घेतली की वहीत खूण करतात. मला अशी माणसं आवडतात. वही बघितली. एक खूण चुकलेली नाही, एक खाडाखोड नाही. पण गुरुजी आले होते मंगळवारी आणि खुणा होत्या शनिवारपर्यंत!

"गुरुजी, शनिवार अजून यायचाय."

"हजेरी मी अशीच भरायचो. साहेब कधी तपासायला येतील, नेम नसायचा."

"आणि गोळी?"

"गोळीचं बघू. वही पूर्ण आहे की नाही ते सांगा."

*

एक दिवस मॅडम कॉम्प्युटरवरून मान वर करून म्हणाल्या, "काका, आपल्या इतक्या पेशंटचा जन्म एकाच तारखेला कसा? एक जून, एक जून, एक जून!"

"शाळेत घालताना मास्तरांनी लिहिली. आयांना तारीख कुठं ठाऊक होती?"

"तुमची कोणती?"

"एक जून."

मॅडम हसल्या. कॉम्प्युटर मात्र हसत नाही. एक नाव, एक तारीख, एकच साल दिसलं की तो दोन माणसांचा एक माणूस करून टाकतो. हे आम्हाला नंतर कळलं.

*

सुमन जाधव आमच्याकडे दोन. एकाच गल्लीतल्या, दोघींचा जन्म मास्तरांनीच लिहिलेला. एक चष्म्याची, एक बिनचष्म्याची. माझ्याकडे कार्डंही दोन. चष्मेवालीच्या कार्डावर माझ्या लाल शाईनं लिहिलेलं: पेनिसिलिन देऊ नये. अंगावर गांध्या, घसा आवळला. दुसरीच्या कार्डावर असं काही नाही. इतकी स्वच्छ कार्डं, म्हणून या दोघींना मी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी बिनचष्म्याची आली. अंगात ताप, घसा सुजलेला. मॅडमनी पेनिसिलिनच्या गोळ्या लिहायला घेतल्या, तर कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'देऊ नये'ची लाल पट्टी! मॅडम थांबल्या.

मी अशाच दिवसाची वाट बघत होतो.

"मॅडम, लाल शाई त्या दुसऱ्या सुमनची. तुमच्या यंत्रानं दोघींची एक केली. हिला बिनधास्त द्या. हे बघा माझं कार्ड!" कार्ड काढून टेबलावर आपटलं.

मॅडमनी ते वाचलं. पेन उचललं. पुन्हा थांबून बाईला विचारलं, "तुम्हाला कधी औषधाचा त्रास झालाय?"

"व्हय की. इथल्याच गोळ्यांनी. अंगभर गांध्या उठल्या. नरडं असं आवळलं, वाटलं मी आता जाती. लई वर्सं झाली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मी बाईला म्हणालो, "मग इथं येऊन सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं की! पोरगी तान्ही होती, मला निघता येईना. म्हून शेजारच्या सुमनला धाडलं."

चष्मेवालीला बोलावणं गेलं. ती आली. मी तिचं कार्ड तिच्यापुढं धरलं. "हा त्रास तुला झाला होता?"

"मला? नाय ओ. हिला. मी फकस्त सांगाया आलते."

"मग तुझ्या कार्डावर कसा आला?"

तिनं चष्मा वर सरकवला.

"मी दारात उभी. तुमी कार्डाच्या पेटीत हात घालून इचारलं, सुमन जाधव तूच का? मी म्हनलं व्हय. आता मी नाय कशी म्हनू, काका?"