हौसानं सांगितलेला पिक्चर

पहिलंच सांगून टाकतो. ह्या पानावर लोक आपापले भुताचे अनुभव लिहितात, ते मी वाचायचो अन् हसायचो. कुणाला पिंपळावर बाई दिसते, कुणाला घाटात लिफ्ट मागते... म्हणायचो, ह्यांना कामधंदा न्हाई. मी चौथी शिकलेला माणूस. उभी हयात भोसरीच्या फोर्जिंगमध्ये हॅमरवर काढली. लाल लोखंड अन् घणाचा दणका, एवढंच मला खरं वाटायचं. देवालासुद्धा बायको हात जोडायची म्हणून मी जोडायचो. आता जे लिहितोय ते माझ्या हातानं घडलंय, म्हणून लिहितोय. मोबाईलवर बोललं की अक्षरं आपोआप उमटतात. चुकलंमाकलं संभाळून घ्या.

माझी बायको हौसा. आमी रहाटणीला चाळीत राहायचो तेव्हाची गोष्ट आधी सांगावी लागंल, न्हाईतर पुढचं कळणार न्हाई.

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी. चाळीतले आमी वर्गणी काढून भाड्यानं व्हीसीआर आणायचो. दिवसाढवळ्या खिडक्यांना चादरी लावायच्या, अंधार करायचा अन् पिक्चर बघायचा. कॅसेटवाल्याकडं हिंदी पिक्चर आधीच गेलेले असायचे. उरायचे ते इंग्लंडातल्या कुठल्याशा कंपनीचे जुने, रंगीत भुताचे पिक्चर. डोंगरावर गढी, घोड्याची बग्गी, धुकं, खानावळीत पाहुणा गढीचा रस्ता इचारतो अन् समदे गप. काळा झगा घातलेला लाल डोळ्यांचा उंच सरदार बायकांच्या मानेतलं रगात प्यायचा अन् दिवसा शवपेटीत उताणा झोपायचा. शेवटी एक डॉक्टर यायचा, पेटीचं झाकण काढायचा, छातीवर लाकडी खुटा धरायचा अन् वर हातोडा. रगात असं उडायचं की जणू रंगपंचमी.

इंग्रजी कुणाच्या बापाला येत न्हवतं. मग हौसा टीव्हीच्या शेजारी बसायची अन् समद्यांचे आवाज स्वतः काढायची. सरदाराचं नाव तिनं इनामदार ठेवलं व्हतं.

"इनामदार दिवसा झोपतो का?" कुणीतरी इचारायचं.

"मग? कायम थर्ड शिफ्ट हाय त्याला. तुमच्यावानी काय, ओव्हरटाइम मिळत न्हाई बिचाऱ्याला."

चाळ हसून हसून लोळायची. पण खुट्याचा सीन आला की बारकी पोरं रडायची. म्हणून तिनं एक शक्कल काढली. डॉक्टरनं हातोडा वर नेला की पेटीतलं जे कुणी असंल त्याच्या तोंडी हौसा एकच वाक्य घालायची, कळवळून, नाकात बोलल्यावानी—

"अवो थांबा वो... मी अजून जेवले न्हाई!"

पोरं रडता रडता हसायची. पुढं पुढं समदी चाळ त्या वेळी तिच्या तोंडाकडं बघत बसायची, टीव्हीकडं कुणी बघायचंच न्हाई.

मी एकदा म्हणलं, "अगं, त्यो रगात पितो, त्याला जेवायचं काय घेऊन बसलीस?"

तर म्हणली, "उपाशी हाय म्हणूनच पितो. कुणी ताट वाढलं असतं तर कशाला गेला असता दुसऱ्याच्या मानंला?"

अशी व्हती ती.

गेल्या उन्हाळ्यात तिच्या भाचीचं डोहाळजेवण चाकणला व्हतं. सकाळी सून पोहे घेऊन मागं लागली, तर ही म्हणली, "नको गं, तिथं जाऊन दोन घास जास्त खाईन." नाशिक रस्त्यावर उतरलो. मी रस्ता ओलांडून पुढं गेलो, ती ओटीची पिशवी संभाळत मागं. एक कंटेनर आला. ब्रेक लागला न्हाई, हॉर्न वाजला न्हाई. मागचं चाक तिच्या कमरेवरून गेलं.

मी लोखंड चेपताना आयुष्यभर बघितलंय. माणूस चेपताना बघितला न्हवता. हिरव्या बांगड्यांचा चुरा डांबरात रुतला व्हता, नारळ गडगडत माझ्या पायापाशी आला. ती शुद्धीवर व्हती. माझ्याकडं बघून तोंड उघडलं, काहीतरी बोलायचं व्हतं, पण तोंडातून नुसतं रगात आलं. पिक्चरमधल्यासारखं तांबडंभडक न्हवतं ते. काळं व्हतं.

कंटेनर पुढं जाऊन क्षणभर थांबला. आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसलं. रातभर गाडी हाकलेले लाल डोळे. आमच्याकडं बघितलं अन् गाडी दामटली. संध्याकाळी पोलिसांनी धरला. थोड्या दिवसांनी जामिनावर सुटला.

दहाव्याला पवनेच्या घाटावर कावळा पिंडाला शिवंना. पोरगा हात जोडून म्हणाला, आई, अण्णांना संभाळीन. सून म्हणली, नातीला शिकवीन. भाची पोटुशी असून आली, तीबी बोलली. कावळे झाडावर बसून नुसते बघत राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. माझ्या डोक्यात एकच व्हतं— ती उपाशी गेली.

घरात मी भिंतीकडं बघत बसायचो. पोराला वाटलं, म्हाताऱ्याचं मन रमवावं. त्यानं शोधून शोधून तोच इनामदाराचा पिक्चर टीव्हीवर लावून दिला. म्हणला, "अण्णा, बघा, आईचा पिक्चर." त्याला काय माहीत, त्यानं माझ्या हातात काय दिलं ते.

मी तो पिक्चर पहिल्यांदाच बघितला म्हणा ना. हौसाचा आवाज न्हवता. हसणं न्हवतं. नुसती गढी, नुसती किंकाळी अन् तो हातोडा... ठण्. ठण्. पेटीतल्याचं तोंड वाकडं होतंय, छातीतून रगात उसळतंय, अन् डॉक्टर घाम पुसून परत मारतोय. मी रोज बघायला लागलो. मला त्यात चूक काहीच दिसंना. जो रातभर हिंडून माणसं मारतो त्याला दिवसा झोपेत गाठायचं. डॉक्टर बरोबर करतो. खुटा तरी कशाला पाहिजे, घण पुरे.

ड्रायव्हर कुठं राहतो ते शोधायला मला वेळ लागला न्हाई. पोलीस ठाण्यात त्याला बघून ठेवला व्हता. चाकणच्या अलीकडं गाड्या उभ्या राहतात तिथल्या चहावाल्यानं सांगितलं, "तो होय? मागच्या पत्र्याच्या खोल्यांत हाय. जामिनावर सुटल्यापासनं रातचं गोडाऊनला हमाली करतो, दिवसभर झोपतो." दिवसभर झोपतो! मला हसूच आलं.

माळ्यावरचा हातघण काढला, टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातला अन् भर दुपारी बसनं निघालो. पिशवी कंडक्टरच्या पायावर आदळली.

"आई गं! बाबा, काय लोखंड घेऊन फिरता काय?"

"व्हय. घण हाय."

"कुणाच्या डोक्यात घालायला?" तो हसला.

"हाय एक जण," मी म्हणलं. तो आणखीन हसला अन् तिकीट फाडलं. खरं बोलणाऱ्यावर कुणी इश्वास ठेवत न्हाई.

खोलीचं दार उकाड्यानं उघडंच व्हतं. आत पाऊल टाकलं अन् थबकलो. ऊन येऊ नये म्हणून खिडकीला चादर लावलेली. आमी चाळीत लावायचो तशीच. आत तसाच तांबूस अंधार. लोखंडी खाटेवर तो उताणा झोपला व्हता, दोन्ही हात छातीवर, तोंड उघडं. पोरगंच व्हतं, मिसरूड नीट फुटलेलं न्हाई. पण त्या वेळी मला पोरगं दिसलं न्हाई. मला पेटी दिसली.

दार लोटून घेतलं. टॉवेल सोडला. खाटेशी पाय रोवले, जसे हॅमरपाशी रोवायचो. घण डोक्याच्या वर नेला. छातीच्या मधोमध नजर धरली. अन् सोडला.

घण खाली येत व्हता. तेवढ्यात त्या पोराचे ओठ हलले. डोळे मिटलेले, गाढ झोप, अन् तोंडातून—

"अवो थांबा वो... मी अजून जेवले न्हाई!"

हौसाचा आवाज. नाकातला, कळवळलेला, तसाच्या तसा. चाळीतल्या गुरुवारचा.

सुटलेला घण थांबत न्हाई. मी मनगट पिळलं एवढंच. घण छाती सोडून त्याच्या डाव्या खांद्यावर घसरला अन् खाटेच्या पायपावर आदळला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, वाळकी फांदी मोडावी तसा. पायप वाकला, खाट एका अंगानं खाली बसली, माझ्या हाताला मुंग्या आल्या.

पोरगं किंचाळत उठलं अन् एका हातानं माझ्यावर आलं. मला भिंतीवर आपटलं, गुडघा बरगड्यांत घातला. मी पडलो. तो छातीवर बसला, उजव्या हातानं नरडं आवळलं. त्याच्या खांद्याचं हाड कातडीखाली वर आलेलं, तोंडातून लाळ गळतेय, लाल डोळे माझ्या डोळ्यांत. मी सुटायची धडपडबी केली न्हाई. म्हणलं, बरं झालं, जातो तिच्याकडं.

मग त्यानं मला ओळखलं. बोटं ढिली पडली. मागं सरकून भिंतीला टेकला.

"बाबा..." तो स्वतःचा गळा चाचपत व्हता. मोडलेल्या खांद्याकडं त्याचं लक्षच न्हवतं. "बाबा, मेरे मुँह से कौन बोला?"

मी बरगड्या धरून उठून बसलो.

"कोई औरत थी. मेरे अंदर से बोली. क्या बोली वो?"

त्याला मराठी येत न्हाई. वर उत्तरेकडचा हाय, इकडं येऊन वर्षबी झालं न्हवतं. ठाण्यात पोलीस मराठीत बोलले तर वेड्यावानी बघायचा.

मी म्हणलं, "मेरी बायको थी. बोली, खाना नहीं खाया."

तो लहान लेकरासारखा रडायला लागला. शेजारचे दार वाजवायला लागले, "क्या हुआ रे?" त्यानं आतूनच वरडून सांगितलं, "कुछ नहीं, खटिया टूट गई!" अन् मला हातानं खूण केली, जा.

मी घण तिथंच टाकून निघालो. त्यानं तक्रार दिली न्हाई. का न्हाई, ते त्याला इचारा. मी त्याला माफ केलेलं न्हाई, आजबी न्हाई. केस चालू हाय अन् मी प्रत्येक तारखेला जाणार हाय. न्यायाधीश काय करायचं ते करतील. त्याचा हात नीट वर जात न्हाई, तो कोर्टात मला लांबूनच मान लववतो. मी लववत न्हाई.

घरी पोचलो तेव्हा दोन बरगड्या मोडलेल्या. पोराला म्हणलं, जिन्यात पडलो. सुनेला म्हणलं, "डोहाळजेवणाला करतात तसा समदा स्वयंपाक कर. आत्ता."

ती म्हणली, "अण्णा, डॉक्टरकडं चला आधी!"

"आधी ताट."

पुरी, मसालेभात, भरली वांगी, श्रीखंड आणवलं. हौसाला श्रीखंड लय आवडायचं, बोटानं चाटून खायची. ताट घेऊन मीच गच्चीवर चढलो, दर पायरीला बरगडी टोचत व्हती. ठेवलं. म्हणलं, "जेव." अन् मागं न बघता खाली आलो. संध्याकाळी ताट रिकामं व्हतं. गच्चीवर मांजरं येतात, कावळे येतात. कुणी खाल्लं ते मी बघितलं न्हाई.

आता तुमी सांगा. माझ्या पोराला मी हे समदं नंतर सांगितलं. तो म्हणला, अण्णा, तुमच्याच मनाचा आवाज व्हता तो. असंल. मग त्या ड्रायव्हरला आपल्या तोंडून बाई बोलल्याचं कसं कळलं? कुणी म्हणंल, झोपेत बडबडला. जी भाषा येत न्हाई त्या भाषेत, रहाटणीच्या चाळीतलं वाक्य? ते वाक्य ठाऊक असलेली माणसं आता बोटावर मोजण्याएवढी राहिलीत, अन् माझ्याशिवाय त्यातलं कुणी चाकणला न्हवतं. मी लय डोकं खाजवलं. मला कळलेलं न्हाई. कळंल असं वाटतबी न्हाई.

तो पिक्चर मी अजून बघतो. दुपारी, खिडकीला चादर लावून, आवाज बंद करून. नात शेजारी बसते अन् मी तिला इनामदाराची गोष्ट सांगतो, हौसासारखी जमत न्हाई पण सांगतो. डॉक्टरनं हातोडा वर नेला की मात्र मी गप बसतो. नात इचारते, "आबा, आता पेटीतला काय म्हणतो?"

मी ऐकत बसतो. पंखा फिरत असतो. हातोडा खाली येतो, अन् कुणीच बोलत न्हाई.

जेवली असंल.