लाल काठाची वात

काल स्मशानभूमीत माझा सख्खा भाऊ विनू म्हणाला, "आत्या गेली, आता तिचं ते दीपगृहही गेलं."
चारजण हसले.

म्हणून ही पोस्ट लिहितेय. विनू, शेवटपर्यंत वाच.

आत्याचं वय सत्त्याण्णव. सोलापुरात समुद्र नाही आणि आमच्या घरात सगळे विणकर. त्यामुळे "मी बेटावर राहिलेय, नायना दीपगृहाचा दिवा लावायचे" हे तिचं बोलणं लग्नाकार्यात विनोद म्हणून चालायचं. नायना म्हणजे तिचे वडील, माझे आजोबा.

मीही हसायचे. कॉलेजात फिजिक्स शिकत होते. तिला तोंडावर विचारलं, "पुरावा काय?"
"वात हाय की."
तिने पत्र्याच्या डब्यातून हातभर सुती पट्टी काढली. पांढरी, लाल काठाची.
"आत्या, ही परकराची नाडी आहे."
तिने डबा मिटला. पुन्हा कधी मला दाखवला नाही.

तिची गोष्ट अशी.

१९३० च्या दशकात आजोबांना कोकणातल्या एका बंदरावर नोकरी लागली. बंदराच्या तोंडाशी बेट, बेटावर दीपगृह. सोबत आजी, सात वर्षांची आत्या आणि नाड्या विणायचा छोटा माग. विणकर माग मागे ठेवून जात नाही.

पावसाळ्यात बंदर बंद, दिवाही बंद. नारळी पौर्णिमेला दोन्ही सुरू.
त्या वर्षी पौर्णिमेच्या सकाळी पेटी उघडली, तर सगळ्या वाती बुरशीने कुजलेल्या.
होड्या बाहेर पडल्या होत्या. पौर्णिमा असली तरी आभाळ भरलेलं. अंधारात खडकांमधून परत येणार कशाच्या भरवशावर?

आजोबा मागावर बसले. दुपारपर्यंत रुंद, घट्ट, देखणी वात तयार.
दिव्यात घातली. ज्योत धरेना! नुसता धूर, काच काळी.

आजीने उरलेली वात बोटांत चोळली आणि कपाळावर हात मारला.
"अहो, खळ लावलीत की सुताला! ही वात हाय, बाजारात न्यायचं लुगडं न्हाय!"

हा घोटाळा फक्त विणकरच करू शकतो. विणण्याआधी पेजेची खळ लावून सूत कडक करायचं, हे हातात इतकं मुरलेलं. पण कडक सूत तेल ओढणार कसं?

हातभर तुकडा तसाच बाजूला राहिला; बाकीची वात उकळली, पिळली, चुलीवर वाळवली. आत्या फुंकणी घेऊन बसलेली.
दिवेलागणीला ज्योत सरळ उभी राहिली. सगळ्या होड्या परतल्या.

आजोबांना लाज वाटली. साहेबांना त्यांनी यातलं अक्षर कळवलं नाही. म्हणून कागदोपत्री पुरावा शून्य.

आता ऐका!

त्या दीपगृहाची सध्या डागडुजी चालू आहे. गेल्या महिन्यात तिथल्या एका तरुण इंजिनिअरने इथेच फोटो टाकला. अडगळीतून काढलेला जुना दिवा, आणि त्यात अडकलेलं वातीचं जळकं थोटूक.
खाली प्रश्न: "वातीला लाल काठ का? कुणी सांगू शकेल?"

मी सांगू शकत होते!
फोन घेऊन आत्याकडे धावले. हो, या वयात, या गुडघ्यांनी.

तिने फोटो डोळ्याजवळ धरला.
"व्हय. नायनांचाच. बिनकाठाचं त्यांना विणताच यायचं न्हाय."
मग माझ्याकडे बघून: "झाला का पुरावा, फिजिक्सवाले?"

मी कान पकडले. ती लई हसली. मग म्हणाली, "डबा आन् माग त्या दीपगृहवाल्यांना दे. पण त्यांच्या हातात पडेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलू नको. लोकं उगं हसतात."
म्हणून काल मी गप्प होते, विनू.

त्या इंजिनिअरला मी कळवलं होतं. आज सकाळी तो घरी आला. येत्या नारळी पौर्णिमेला जुना दिवा पुन्हा लावणार आहेत, नव्या वातीने. ती वात विणली जाणार आपल्या सोलापुरात!
आत्याचा निरोप मी त्याला दिला: "काठ लाल ठेवा. आणि खळ आधी धुवा."

आत्या, तुझा शब्द खरा होता. माझं चुकलं. सुखाने जा.

आज सुपूर्द केलं ते:
लाल काठाची वात, एक. हातभर, न जळलेली. खळ अजून तशीच, कडक.
नाड्यांचा माग, एक. डावी खुंटी मोडकी.
पत्र्याचा डबा, एक.

पोचपावतीवर देणारी म्हणून आत्याचं नाव आहे. साक्षीदाराची जागा मी रिकामी ठेवलीय.
विनू, संध्याकाळी येऊन सही कर.